जॅझ बँडने डान्स फ्लोअर चालवायचा तर : सुरुवात करणाऱ्यांसाठी

जॅझ वाजवणारी मंडळी डान्स म्युझिककडे वळली की बहुतेकदा लॅपटॉपवर ठेका लावतात आणि त्यावर सोलो घेतात. पहिली पाच मिनिटं मजा येते, मग कंटाळा. सोलो कितीही तापला तरी मशीन जिथल्या तिथेच राहतं, कारण त्याला ऐकू येत नाही. खरी गंमत उलट रस्त्याने आहे. मशीनने घडवलेलं संगीत माणसांनी हातांनी वाजवायचं आणि काय कधी आत येईल, काय कधी बाहेर जाईल, हे रंगमंचावर त्या क्षणी ठरवायचं.

हा रस्ता नवा नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ड्रमर जोजो मायर यांच्या 'नर्व्ह' या बँडने जंगल आणि ड्रम अँड बेस या जलद इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या शैलींचे ठेके साध्या ड्रमसेटवर, उत्स्फूर्तपणे वाजवायला सुरुवात केली. त्याच दशकात नॉर्वेत बुगे वेसेलटॉफ्ट आणि निल्स पेटर मोल्वेअर यांनी पियानो आणि ट्रम्पेटच्या बाजूने तेच दार उघडलं. आपल्याकडे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बास सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. तो जॅझ नव्हता, पण न थांबणाऱ्या ठेक्यावर स्वरविस्तार कसा करायचा याचा तो उत्तम धडा आहे.

इथे चौघांचा बँड धरला आहे : ड्रम्स, बास, कीबोर्ड आणि सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट. सुरुवातीला दोन फुंकवाद्यं घेऊ नका. मधल्या पट्टीत इतकी गर्दी होते की कीबोर्डला जागाच उरत नाही.

पहिली पायरी : लय कुणाच्या हातात?

हे ठरवल्याशिवाय एकही वायर जोडू नका. तीन पर्याय आहेत. एक, सगळं हाताने, क्लिक (कानात वाजणारे मेट्रोनोमचे ठोके) नाही, सिक्वेन्सर (भरून ठेवलेले सूर-ठोके आपोआप वाजवणारं यंत्र) नाही. दोन, मशीन चालू आणि क्लिक फक्त ड्रमरच्या कानात. तीन, क्लिक सगळ्यांच्या कानात.

पहिल्या पर्यायाने सुरुवात करा आणि निदान चार-पाच तालमी त्यावरच काढा. ड्रमरला क्लिकशिवाय १२४ची (मिनिटाला १२४ मात्रा) गती पंधरा मिनिटं राखता येत नसेल तर क्लिक देऊन तो दोष जात नाही, फक्त झाकला जातो. नंतर एखादा सिक्वेन्स हवासा वाटला तर दुसरा पर्याय घ्या. तिसरा शक्यतो टाळा. चौघंही क्लिक ऐकू लागले की एकमेकांना ऐकणं थांबतं.

मशीन आणि माणूस एकत्र वाजताना बिघडतं ते किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर. मशीनची किक आणि ड्रमरची किक यांत २५-३० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात. अंतर त्याहून कमी असेल तर ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, पण खालचा आवाज पोकळ होतो आणि लोकांचे पाय मंदावतात. म्हणून नियम असा : किक एकाच ठिकाणाहून. ड्रमर किक वाजवत असेल तर सिक्वेन्समध्ये किक ठेवायची नाही. शेकर, टाळ्या, सिंथचा छोटा नमुना, एवढंच मशीनकडे.

दुसरी पायरी : ड्रमसेट लहान करा

१८ किंवा २० इंची किक ड्रम घ्या. आत उशी किंवा घडी घातलेला टॉवेल असा ठेवा की दोन्ही कातड्यांना टेकेल. ठोका लगेच दबला पाहिजे, घुमता कामा नये. मुख्य स्नेअर १३ किंवा १४ इंची आणि डाव्या हाताला दुसरा १० इंची स्नेअर, खूप वर ताणलेला. ड्रम अँड बेसमधला तो उंच, कोरडा आवाज यातूनच येतो. हाय-हॅट १३ इंचांचा पुरे. राइड सिंबल पहिल्या काही तालमींत घरीच ठेवा. जॅझ ड्रमरला हे अवघड जातं, पण राइडची सततची झळाळी सिंथ आणि हॅट या दोघांच्याही वरच्या पट्टीवर बसते आणि ठेक्याची धार जाते. त्याऐवजी एकावर एक ठेवलेल्या दोन सिंबल्स वापरा : आवाज 'टश्' असा येतो आणि तिथेच मरतो.

किकला इलेक्ट्रॉनिक वजन हवं असेल तर रिमवर ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) लावून तो ड्रम मॉड्यूलला (त्या ठोक्यावर भरलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्राला) जोडा. ट्रिगरची नेहमीची तक्रार म्हणजे एका ठोक्याला दोन आवाज येणं. त्यासाठी मॉड्यूलमध्ये मास्क टाइम असतो, म्हणजे एका ठोक्यानंतर किती वेळ दुसरा ठोका धरायचा नाही. तो ६० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. १०० वर नेऊ नका : १७४च्या गतीला पाव मात्रा ८६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे सलग दोन किक वाजवल्या तर दुसरी गिळली जाईल. ट्रिगरचा आवाज आणि किकसमोरचा माइक एकत्र लावून पाहा, मग मिक्सरवर एकाची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटवून परत ऐका. ज्या स्थितीत पोटात जास्त जाणवतं ती ठेवा.

तिसरी पायरी : सूर निवडताना बास आधी

जॅझवाल्यांच्या हाताला डी डोरियन (डीपासून सुरू होणारी मायनर छटेची सुरावट) सवयीचा. इथे तो अडचणीचा आहे. सर्वांत खालचा डी सुमारे ३७ हर्ट्झचा, तो छोट्या क्लबच्या सबवूफरमधून नीट निघत नाही. त्यावरचा डी ७३ हर्ट्झचा, तो निघतो पण छातीत भरत नाही. एफ ४४, जी ४९ आणि ए ५५ हर्ट्झवर असतात, म्हणजे बहुतेक सिस्टिम्स जिथे जोरात चालतात नेमक्या त्या पट्ट्यात. म्हणून जी मायनरने सुरुवात करा. टेनर सॅक्सला तो ए मायनर पडतो, म्हणजे बोटांनाही सोपा.

किक आणि बास एकाच जागेसाठी भांडतात. स्टुडिओत यावर सायडचेन कॉम्प्रेसर लावतात, किक वाजली की बास आपोआप दबतो. रंगमंचावर त्याची गरज नाही. बासवादकाने मात्रेवरचा सूर सोडून अर्ध्या मात्रेवर वाजवला की तोच परिणाम मिळतो आणि तो जिवंत असतो. सूर किती लांब धरायचा हे इथे सुराइतकंच महत्त्वाचं. पुढच्या किकच्या आधी सूर बोटाने बंद झाला पाहिजे.

कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने मूळ सूर वाजवायचा नाही. मुळीच नाही. जी मायनर नाइन्थ हवा तर बी फ्लॅट, डी, एफ, ए एवढे चार सूर पुरेत, खालचा जी बास देतो. आणि कॉर्ड बदलताना जॅझमधलं नाजूक व्हॉइस लीडिंग (प्रत्येक सूर जवळच्या सुरावर नेणं) विसरा. तोच आकार जसाच्या तसा वर-खाली सरकवा. हाउस म्युझिकचा (दर मात्रेला किक असलेलं क्लबचं संगीत) ओळखीचा रंग तिथूनच येतो, कारण तिथे एकच कॉर्ड सॅम्पलरमध्ये भरून वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवत असत आणि आकार बदलायची सोयच नव्हती. एका भागात दोन कॉर्ड पुरतात. चार झाल्या की लोक नाचायचं सोडून ऐकायला लागतात.

झुलण्याबद्दल बँडमध्ये एकमत करून घ्या. जॅझचा स्विंग अर्ध्या मात्रेवर असतो, हाउसचा पाव मात्रेवर आणि तोही बारीक. ड्रम मशीनच्या भाषेत ५० टक्के म्हणजे सरळ आणि ६६ म्हणजे पूर्ण तिहेरी झोका. हाउससाठी ५४ ते ५८ पुरतो. १२६च्या गतीला ५६ टक्के म्हणजे पाव मात्रांच्या जोडीतली पहिली १३३ मिलिसेकंदांची आणि दुसरी १०५ची. हे मोजून वाजवता येत नाही, ऐकून अंगात उतरवावं लागतं. ड्रम मशीनचा नुसता हाय-हॅट ५६ वर लावा आणि चौघांनी पाच मिनिटं त्यावर टाळ्या वाजवा. फुंकवाद्यवाला सवयीने अर्ध्या मात्रेवर झुलायला लागतो, त्याला तिथेच थांबवा.

चौथी पायरी : चाल नको, नियम हवेत

३२ बारची (एक बार म्हणजे चार मात्रा) चाल, मग सोलो, मग परत चाल, ही बांधणी नाचणाऱ्यांना कळत नाही. त्यांना आठ, सोळा आणि बत्तीस बारचे टप्पे कळतात, तेही नकळत. १२६च्या गतीला आठ बार म्हणजे सुमारे १५ सेकंद, सोळा म्हणजे ३० आणि बत्तीस म्हणजे एक मिनिट. प्रत्येक बदल आठच्या सीमेवर झाला पाहिजे. सातव्या बारमध्ये किक गेली तर फ्लोअरवर गोंधळ होतो, बँडला मात्र काहीच झालंय असं वाटत नाही.

बदल खुणांनी ठरवायचे. सुरुवातीला पाच खुणा पुरेत :

वर केलेली मूठ : पुढच्या टप्प्यापासून किक बंद.
जमिनीकडे बोट : बास बंद.
उघडा तळवा खाली दाबत : सगळ्यांनी आवाज आणि दाटपणा कमी करा.
चार बोटं : चार-चार बारची देवाणघेवाण, फुंकवाद्य आणि ड्रम्स यांच्यात.
डोक्यावर हात : सगळे परत आत, मूळ ठेक्यावर.

शेवटच्या दोन जॅझमध्ये आधीपासून रुळलेल्या आहेत, त्यामुळे त्या शिकाव्या लागत नाहीत. खूण सहाव्या बारच्या सुरुवातीला द्या. १२६ला एक बार जेमतेम दोन सेकंदांचा असतो, आठव्या बारमध्ये हात वर केला तर कीबोर्डवाल्याची मान वळेपर्यंत टप्पा संपलेला असतो. एका वेळी खुणा एकाच माणसाने द्यायच्या. सगळ्यांत योग्य तो फुंकवाद्यवाला, कारण वाजवत नसताना त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. त्याला कोपऱ्यात नाही, ड्रमरच्या समोर उभा करा.

किक किती वेळ बाहेर ठेवायची? सोळा बारपेक्षा जास्त नको. तीस सेकंदांनंतर लोक पाण्याच्या बाटलीकडे वळतात. किक नसताना बासही पातळ करा. परत येताना किक आणि बास एकत्र, पहिल्या मात्रेवर, आणि पुढचे चार बार फुंकवाद्य गप्प. खालचा आवाज परत आला ही त्या क्षणाची बातमी आहे, तिच्यावर सोलो चढवायचा नाही.

मग सोलो घ्यायचा कधी? ठेका भरलेला आणि स्थिर असताना, सोळा किंवा बत्तीस बार. लांब वाक्यं नकोत. दोन बारची छोटी कल्पना, दोन बार शांतता, तीच कल्पना एक सूर बदलून. कॉर्डमधून वाट काढण्याचं कसब इथे फारसं कामाचं नाही, जागा सोडण्याचं आहे.

पाचवी पायरी : डिले हे पाचवं वाद्य

सॅक्सवर क्लिप माइक, तिथून मिक्सर, मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (आवाजाची प्रत बाहेर पाठवणारी वाट) डिले, म्हणजे आवाज ठरावीक अंतराने परत वाजवणारं यंत्र, आणि डिलेचा आवाज वेगळ्या चॅनलवर. गिटारचा पेडल वापरणार असाल तर मध्ये पातळी कमी करणारा रिअँप बॉक्स लागतो, कारण मिक्सरची पातळी पेडलच्या मानाने फार जास्त असते आणि आवाज फाटतो. फीडबॅकचा (आवाज किती वेळा परत वाजेल हे ठरवणारा) नॉब साधारण अर्ध्यावर ठेवा. त्याहून पुढे न्यायचा तर बोट नॉबवरच हवं. मॉनिटरमध्ये डिले सोडू नका, नाहीतर तो माइकमधून परत आत शिरतो आणि शिट्टी सुरू होते.

आता या लेखातलं सगळ्यांत उपयोगी गणित. १२६च्या गतीला पाऊण मात्रा ३५७ मिलिसेकंदांची होते. १६८च्या गतीला पूर्ण मात्राही ३५७ मिलिसेकंदांचीच. म्हणजे हाउसच्या ठेक्यात पाऊण मात्रेवर लावलेला डिले हा जलद ठेक्याचा तयार क्लिक आहे. हाउसमधून ड्रम अँड बेसच्या दारापर्यंत बँड न थांबता, कुणीही मोजणी न देता जाऊ शकतो.

तेवढी जागा अचूक पकडावी लागते. आठ बारमध्ये पाव मात्रा १२८ होतात, त्यांना तीनने भाग जात नाही. त्यामुळे टप्प्याच्या सुरुवातीला डिले सोडला तर शेवटी सम चुकते. सहाव्या बारच्या पहिल्या मात्रेवर सोडा. उरलेल्या तीन बारमध्ये ४८ पाव मात्रा असतात, म्हणजे पाऊण मात्रेचे बरोब्बर १६ ठोके, आणि नव्या गतीचे चार बार. डिलेचे ठोके सोळापर्यंत टिकत नाहीत, विरत जातात. म्हणून कीबोर्डवाल्याने पहिल्या ठोक्यापासूनच तोच सूर त्याच अंतराने हाताने वाजवत राहायचं. ड्रमरने सुरुवातीला जुना ठेका धरून ठेवायचा, शेवटच्या बारमध्ये किक सोडून हॅट कीबोर्डवर आणायचा आणि पुढच्या समेवर नव्या गतीत पडायचं. नव्या गतीत पडल्यावर बासने पहिले चार बार फक्त लांब सूर धरायचे.

तबला शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. उलट दिशेने, १६८ वरून १२६ वर येणं म्हणजे पाऊणपट लय. परत येताना किक ८४च्या भावनेने, म्हणजे अर्ध्या गतीत वाजवली तर उतरणं सोपं जातं.

हा सांधा एका तालमीत वीस वेळा वाजवा. बिघडतो तो नेहमी एकाच ठिकाणी : शेवटच्या बारमध्ये बासवादक घाई करतो, कारण त्याला नवी गती ऐकू यायला लागलेली असते. त्या बारमध्ये त्याने वाजवूच नये.

सहावी पायरी : तालमी

पहिली तालीम : एकच ठेका, १२२, एकच कॉर्ड, चाळीस मिनिटं, सोलो नाही. फक्त आत येणं आणि बाहेर जाणं. खोलीच्या मध्यभागी रेकॉर्डर ठेवा. ऐकताना लक्ष ठेवायचं ते कुठे चौघंही एकदम भरून वाजवताहेत यावर. प्रत्येक वेळी तिथून एकजण कमी करा. दुसऱ्या तालमीत खुणा, तिसऱ्यात डिले आणि सिंथचे फिल्टर, चौथ्यात गतीचा सांधा. सिक्वेन्सर आणायचाच तर पाचवीनंतर.

सिक्वेन्सर आल्यावर एक तांत्रिक गोष्ट पाहून घ्या. मिडी क्लॉक, म्हणजे यंत्रांना एका गतीत ठेवणारा संकेत, दर मात्रेला २४ ठोके पाठवतो, तो केबलने दिला तर स्थिर राहतो. तेच काम करणारं एबलटन लिंक वायफायवर चालतं, त्यासाठी स्वतःचा छोटा राउटर न्या, क्लबच्या वायफायवर विसंबू नका. लॅपटॉपवर बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल्स आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, हे २.७ मिलिसेकंद होतात. आत-बाहेरचा एकूण उशीर त्याच्या तिप्पट-चौपट असतो आणि तेवढा चालतो. नोटिफिकेशन, स्लीप, अपडेट बंद.

सातवी पायरी : कार्यक्रमाच्या दिवशी

साउंड इंजिनिअरला आदल्या दिवशी चॅनलची यादी पाठवा : किक माइक, किक ट्रिगर, मुख्य स्नेअर, दुसरा स्नेअर, हॅट, ओव्हरहेड, बास, कीबोर्डचे दोन, सॅक्स, इफेक्टचे दोन. एकूण बारा. त्याला दोन वाक्यं आवर्जून सांगा : किक आणि बास सोडून सगळ्यांना १०० हर्ट्झवर लो-कट (त्याखालचा आवाज छाटणं), आणि हा बँड जॅझसारखा नाही, डीजेसारखा मिक्स करायचा. नाहीतर तो सॅक्स पुढे आणि किक मागे ठेवेल, त्याची सवय तशी असते. साउंडचेकला किक आणि बास आधी, हॉलमध्ये उभं राहून ऐकत, मग बाकीचे.

चार्जर लावला की लॅपटॉपमधून गुणगुण येते. ग्राउंड लिफ्टचा (सिग्नल केबलची अर्थ-जोडणी तोडणारं बटण असलेला) डीआय बॉक्स लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवू नका, माइकला ओठ लागल्यावर शॉक बसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. जागेवर पोचल्यावर सॉकेट टेस्टरने अर्थिंग तपासा, हे उपकरण स्वस्त आहे.

कानांसाठी संगीतकारांचे इअरप्लग वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि ड्रमर त्याहून जवळ बसलेला असतो.

एका तासाला दहा गाणी नकोत, तीन लांब टप्पे पुरेत. ११२च्या आसपास सुरुवात, १२०, मग १२६ वर बराच वेळ, सांधा घेऊन १६८, परत १२६. मध्ये बोलायचं नाही. नावं सांगायची ती शेवटी, ठेका चालू असताना. महाराष्ट्रात किंवा गोव्यात उघड्यावर वाजवणार असाल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो हे धरून सेट आखा. १६८चा भाग सव्वानऊला आला पाहिजे. पावणेदहाला आला तर उतरायला वेळ राहत नाही आणि मध्येच तोडावं लागतं.

आणि मशीन बंद पडलं तर? ते कधीतरी पडतंच, म्हणून त्याचीही तालीम करा : तालमीत कुणीतरी न सांगता लॅपटॉपची केबल काढायची. ड्रमर थांबत नाही. बास मूळ दोन सुरांवर येतो. फुंकवाद्यवाला उघडा तळवा दाखवतो आणि कीबोर्डवाला मोकळा होऊन लॅपटॉप परत चालू करतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे बत्तीस बारचे दोन-तीन टप्पे. तेवढ्यात सॅक्स आणि ड्रम्सची चार-चार बारची देवाणघेवाण सुरू करा. लॅपटॉप आला तरी लगेच आत घेऊ नका. ड्रमरची गती आता एखाद-दोनने सरकलेली असेल, ती टॅप करून लॅपटॉपमध्ये भरा, हेडफोनमध्ये दोन बार जुळवून पाहा आणि पुढच्या टप्प्याच्या पहिल्या मात्रेवर आवाज वर करा.